टेप

फॉर्म दोन पानांचा. रकाने पाच.
"येत्या वर्षाची व्यावसायिक उद्दिष्टे लिहा,
मोजता येतील अशीच."
खाली विभागप्रमुखांची सही, आधीच छापलेली.

मोजता येतील अशी.
हे मला सांगतात, बोगुमिलाला,
जी सव्वीस वर्षं गळ्यात टेप घालून फिरते
या कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर,
आणि घरी बीट सोलताना लक्षात येतं,
अरे, ही अजून गळ्यातच.

पहिल्या रकान्यात लिहिलं:
थ्रीडी पॅटर्नचं सॉफ्टवेअर शिकणे, जूनपर्यंत.
पोरं कधीच शिकून बसलीत.
पडद्यावरच्या बाईला वळवतात, चालवतात.
तिला घाम येत नाही,
माप घेताना ती पोट आत ओढत नाही.
दुसऱ्यात: टाकाऊ कापडावर एक कार्यशाळा.
तिसऱ्यात इंग्रजी.
दरवर्षी तिसऱ्यात इंग्रजीच असतं.

खिडकीतून लाल विटांची गिरणी दिसते.
आता तिथे कॉफी मिळते, आणि महागडे दिवे.
वूच, या शहराच्या नावाचा अर्थ होडी,
आणि नद्या जमिनीखाली, नळांतून.
आई त्या गिरणीत बॉबिनी बदलायची.
मागांच्या खडखडाटात खुणांनी बोलायची,
मग घरीसुद्धा खुणांनीच.

चौथा रकाना मंगळवारपासून कोरा आहे.

मंगळवारी मिरोनचं जाकीट छातीवर आवळलं.
झ्गेर्झहून येतो, रात्री बेकरीत राबतो,
कानामागे पीठ तसंच.
"शिलाईत खाल्लंस," मी म्हटलं,
नेहमीसारखं, जवळ न जाता.
त्याने वाद नाही घातला.
लोखंडी मीटरपट्टी आणली,
माझी टेप मागून घेतली,
शून्यावर शून्य ठेवून तिच्यावर अंथरली
आणि बाजूला झाला.

पट्टीचे शंभर संपले
तिथे टेपवर साडेअठ्ठ्याण्णव.

कापडाची टेप ती, कापडासारखीच वागली.
ओढत गेले, ताणत गेली.
म्हणजे किती वर्षं माणसं मी
आहेत त्याहून बारीक मोजली,
आणि पोरांनी खऱ्या पट्टीने त्यांना कपडे कापले?
मापात पाप म्हणतात.
पण पाप करणाऱ्या वाण्याला
निदान ठाऊक तरी असतं.

हालश्का आठवली.
दोन हजार नऊ. करड्या लोकरीचा कोट,
खांदे इतके सुरेख की मी आतून जळले होते.
परीक्षेत मॉडेलच्या अंगावर बटणं लागेनात.
"मॅडम, तुम्ही घेतलेल्या मापानेच कापलाय,"
ती म्हणाली. तीनदा.
मी शेरा लिहिला: अचूकतेचा अभाव.
ईस्टरची सुट्टी संपली, ती आली नाही.
पोस्टात लागली म्हणे, पार्सलांच्या काट्यावर.

चौथा रकाना, लिहिते:
नवी टेप घेणे, न ताणणारी. नऊ झ्लॉटी. मुदत: आज.
दर ऑक्टोबरला, पहिल्या तासाला,
ती पट्टीवर लावून पाहणे, पोरांच्या हातून.
विभागप्रमुख हसतील.
हसू देत. मोजता येतंय ना?

पाचव्यात पेन्सिलीने: हालश्काला शोधणे.
शेजारचा चौकोन विचारतो,
"उद्दिष्ट पूर्ण झाले हे कसे कळेल?"
खोडलं. परत लिहिलं.
कागद तेवढ्यात पातळ झाला.

दारात मिरोन, हातावर जाकीट.
"याचं काय करू?"
"उसव. दोन्ही कडा. बस इथे, एक बाजू मी घेते.
आत जागा किती सोडलीस?"
"दोन सेंटिमीटर," तो म्हणाला,
"तुम्हीच तर सांगता, जागा सोडा म्हणून."