कपाचा कान

लेक नदीच्या बांधाखाली, स्खोनहोफनमध्ये,
यिक्के तेरविंटच्या कामशाळेत मी हिशेब लिहितो.
वहीत दोन रकाने: भांडी. दागिने.
मधली रेघ मी पट्टी धरून आखतो,
आणि ती बोलता बोलता येऊन टेकते
नेमकी त्या रेघेवर, कोपराने.

यंदा तिने सहा कप घडवले, चांदीचे, पातळ.
एकालाही कान नाही.
कान वेगळे, मखमलीवर,
बायकांनी कानात घालायचे.
पाहुणी येते, कॉफी ओतली जाते,
ती कप धरायला जाते, चटका बसतो.
मग जरा मान कलती करून
कानातलं काढते
आणि कपाला लावते. बारीकसा खटका.

“इतकंच?” मी विचारलं.
“इतकंच. कुणाकडे बसून प्यायचं
तर आधी कान द्यावा लागतो.”
हे खपणार नाही, मी म्हटलं.
तीन खपले. चौथा परत आला:
सासूबाई कानातलं काढायला तयार नाहीत.

नोव्हेंबरात वीब्रन आला,
नदीवर तर चालवायचा तो,
रुमालात एक कान घेऊन. चिनी मातीचा,
निळ्या काठाचा, दोन्ही टोकांना खरखरीत.
कप फुटला, म्हणाला, हा बोटात राहिला.
कप तिचा होता.

याला साखळी लावली की झालं पदक,
मी मनात किंमतसुद्धा धरली.
यिक्केने त्याची तर्जनी पाहिली,
दोर ओढून ओढून जाड झालेली,
आणि विचारलं, “त्या कुठे बसायच्या?”

दुसऱ्या दिवशी ती ड्रिल घेऊन त्याच्या घरी गेली.
खिडकीकडच्या खुर्चीसमोर, टेबलाच्या कडेला,
चांदीच्या दोन नखांत
तो कान बसवून आली.

बिल द्यायला मी गेलो तेव्हा
दार उघडंच होतं. वीब्रन
शेजारच्या खुर्चीवरून हात लांबवून,
बोट त्यात अडकवून सांगत होता
पाणी किती चढलंय,
नवा पोरगा तर कशी आडवी लावतो,
कांदे काय भावाने आणले.
मधेच थांबायचा,
जितका वेळ समोरच्याला बोलायला लागतो तितका.
मी बुटांचा चिखल न काढताच मागे फिरलो.

बिल तसंच परत आणलं.
वही उघडून रेघ मारली,
यिक्के आली, टेकली.
शाई अजून ओली होती.