प्रयुक्ताची मनःस्थिती

रत्नागिरीच्या कॉलेजात नाव घातलं म्हटल्यावर
आचऱ्याच्या तिठ्यावरचा पानवाला हसला:
'रत्नागिरीक? बरां झालां गो.
आपल्या पायान जाणारी तूच पयली.'
इतरांसाठी तिथे बंदर असतं, कोर्ट असतं, हापूस असतो.
आमच्याकडे ती नुसती शिवी.
मीही हसले. घरी सांगितलं नाही.
घरात मथुराआत्या समोर असली
की आम्ही त्या गावाला 'वरती' म्हणतो.
पोर वरती शिकूक जाता, बाबा म्हणाले.
आत्याने मान हलवली. बांगडे परतत राहिली.

काझी मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलं,
मानसशास्त्र हे मनाचं शास्त्र नाही.
मन दिसत नाही, मोजता येत नाही.
वर्तनाचं शास्त्र. लिहून घ्या.
एकशे वीस जणांनी लिहून घेतलं.

शेजारची जागा बदलून बसली तेव्हा कळलं
माझ्या दप्तराला सुकटीचा वास आहे.
मला येत नव्हता.
त्याला वेदनिक अनुकूलन म्हणतात,
प्रकरण तीन, पाच गुणांची टीप.

शिमग्याच्या सुट्टीत प्रयोग क्रमांक चार:
निरर्थक शब्दांचे स्मरण.
लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर बारा शब्द लिहिले,
गेझ, टुभ, वीढ, रुघ, छेम,
एकेक कार्ड दोन सेकंद धरायचं.
ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला प्रयुक्त म्हणतात.
बाबा होडीवर. आई म्हणाली, माका येळ नाय.
उरली आत्या,
जिच्यावर आधीच बरेच प्रयोग झालेले:
अंगारे, एक भगत, दोन रंगांच्या गोळ्या,
आणि माझ्या जन्माआधी, जीपमधून नेऊन,
वरती सात महिने.

खळ्यात बसलो. हात धुतले तरी तिच्या बोटांना मीठ.
मोबाईलचं घड्याळ लावलं.
पहिल्या फेरीत पाच. दुसरीत नऊ.
चौथ्या फेरीत बाराच्या बारा, क्रमाने,
न अडखळता, जसे बाजारातले भाव.
आमच्या वर्गात सर्वात कमी फेऱ्या सात होत्या.
मी म्हटलं, आत्या, कसे गो?
ती म्हणाली,
'थंय राती बायलो अशेच बोलत.
आयकान आयकान पाठ.
अर्थ कोण इचारता?'

एवढंच. वीस वर्षांत 'थंय' हा शब्द
घरात पहिल्यांदा उच्चारला गेला
आणि मी घड्याळ थांबवायला विसरले.

मग तिने जर्नल ओढून घेतलं.
वरच्या चौकटीत मी आदल्या रात्रीच भरलेलं,
मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी वहीतून,
सगळेच उतरवतात तसं:
प्रयुक्त: म. का. टे. वय: ५८. लिंग: स्त्री.
मनःस्थिती: सामान्य.
आत्या दुसरीपर्यंत शिकलेली.
अक्षराखाली बोट धरून तिने वाचलं:
सा. मा. न्य.
पुन्हा वाचलं.
'ह्यां कोणी लिवलां?'
मी, म्हटलं.
'तुजा नको. सायबाची सही आसता?'
मॅडमची असते.
'शिक्को?'
शिक्कासुद्धा.
'मगे घेवन ये. आणि माका दी.'

मला सांगता आलं असतं
की ते सगळ्यांच्याच पानावर असतं,
की तो तपासणीचा निष्कर्ष नाही, रिवाज आहे.
प्रयोगकर्त्याने प्रयुक्ताला
अनावश्यक माहिती देऊ नये, असंही पुस्तकात आहे.
मी पुस्तकाच्या मागे लपले.

काझी मॅडमनी सही करता करता विचारलं,
हा डाग कसला?
मीठ, म्हटलं.
त्यांनी शिक्का डागाच्या बाजूला मारला.

आता ते पान रेशनकार्डाच्या डब्यात आहे,
प्लास्टिकच्या पिशवीत, चार घड्या.
परवा जनगणनेचा माणूस आला तर
आत्याने न विचारता त्याच्या पुढ्यात ठेवलं.
त्याने वाचलं, काही कळलं नाही, परत दिलं.

माझं जर्नल तपासून आलं.
पान सतरा फाडलेले. दोन गुण वजा.
खाली लाल शाईत: कारण लिहा.