टाचण

रविवार, रात्रीचे साडेनऊ.
होळीआधीच काढावा लागलेल्या कूलरमध्ये
दोन बादल्या ओतून झाल्या,
सकाळची भाजी चिरून झाली.
आता टाचणवही.
रकाने आखलेले आहेत, पट्टी मध्येच सरकलेली:
वार, तासिका, घटक, उद्दिष्ट, साहित्य.
शेवटचा पौनीकर सरांच्या सहीचा.
ते न वाचता सही करतात,
एवढी मेहरबानी पुरते मला.

सोमवार, तिसरी तासिका, नववी ब.
घटक: चालू वर्तमानकाळ.
प्रशिक्षणाला पुण्याच्या बाई आल्या होत्या, म्हणाल्या,
मराठी मुलांना हा काळ जड जातो,
उदाहरणं भरपूर द्या.
मी मागच्या खुर्चीत गप्प बसले.
तांडापेठेतली पोरं हा काळ
बालवाडीच्या आधीच शिकून येतात.
काय करून राहिला बे?
जेवून राहिलो.
फळ्यावर मी लिहिते, आय ॲम ईटिंग,
आणि वर्ग म्हणतो, जेवून राहिलो, मॅडम!
झालं. पुढचं वाक्य.
सातवीत मीही पेपरात लिहिलं होतं असंच,
आई कपडे धुऊन राहिली.
शेजारी लाल शाईत: शुद्ध लिहा.
साहित्य: खडू, फळा, तोंड.

मंगळवार, वाचन.
अल्फिया मागच्या खेपेला आयलंडला इस्लंड म्हणाली.
सांगितलं, त्यातला एस लिहायचा, बोलायचा नाही.
मग ठेवला कायले जी?
या मंगळवारपर्यंत उत्तर शोधायचं होतं.

बुधवार, रजेचा अर्ज, तपासलेल्या वह्या परत देणे.
एकेचाळीस वह्या, चाळीस जणांना ताप.
सगळ्यांना तोच, गाइडमधला,
दोन दिवसांचा, डॉक्टरच्या सल्ल्यासकट.
डिंपल नंदनवारला ताप नाही.
तिनं लिहिलंय,
माय फादर इज सेलिंग द लूम.
आय ॲम होल्डिंग द रोप.
टेम्पोत माग चढवताना दोर धरायला घरी दुसरं कोणी नाही,
म्हणून दोन दिवस.
युवर ओबीडियंट
आणि पान संपलं.

माग दिवाळीतच गेला, मला माहीत आहे.
गोळीबार चौकातून शाळेत जाताना
त्या गल्लीतली खटखट एका घरानं कमी झाली.
जिथं बाप पाय सोडून बसायचा
तो खड्डा रेतीनं बुजवलाय,
वर सतरंजी, सतरंजीवर डिंपलचं दप्तर.
म्हणजे इज सेलिंग चूक.
हॅज सोल्ड हवं.

गुरुवार. घटक: पूर्ण वर्तमानकाळ.
व्याख्या मी मागच्याच वर्षी लिहून ठेवली आहे,
क्रिया संपलेली, परिणाम शिल्लक.
गाइडात उदाहरण आंब्याचं आहे,
कोणीतरी तो खाल्ला आहे.
मी पेनाचं टोपण लावते, काढते.
तिचा बाप अजून दारात येईल त्याला
पहिल्यापासून सांगतो म्हणे,
किती मागितले, किती दिले,
टेम्पोवाला कसा घाई करून राहिला होता.
तर मग कोणता काळ?
दहापैकी साडेनऊ दिले होते मी.
अर्धा कापला, दिनांक नव्हता म्हणून.

शुक्रवार चाचणी. शनिवारी सकाळची शाळा,
अर्धी पोरं येत नाहीत.
उद्दिष्टाचा रकाना वरपासून खालपर्यंत पांढरा.
दरवर्षी तिथं लिहिते, विद्यार्थ्यांना काळाची ओळख करून देणे.
आज हात जात नाही.

डिंपलच्या वाक्यावर शाई लावली नाही,
नुसता तो अर्धा मार्क परत दिला,
आणि दहाचा आकडा
साडेनऊच्या वरून गिरवल्यामुळे
चूक दुरुस्त केल्यासारखा दिसू लागला.

आतून आई विचारते,
झोपत नाही का वं? काय करून राहिली?
टाचण काढून राहिली, मी म्हणते.
कूलरमधलं पाणी केव्हाच संपलंय,
पंखा कोरडाच
फिरून राहिला.