सतरावी सुई

वूचमधल्या आमच्या गिरणीत मोजे विणले जात.
डॉक्टर यारोश आल्या तेव्हा बुटांना बर्फ होतं.
टेबलावर एक मोजा टाकून म्हणाल्या,
"टाच नको, बोटं नकोत. मधली नळी तेवढी हवी,
माणसाच्या पोटात रक्त वाहील अशी."
मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

पहिली नळी चाळणीसारखी गळली.
दुसरी वाकवली की मुडपायची.
तिसरीला त्यांनी खाटकाकडून बरणीत आणलेलं रक्त पाजलं
आणि घड्याळ काढून बसून राहिल्या.
सहा वर्षं हेच.
इस्पितळात त्यांना शिंपीण म्हणत,
गिरणीत मुकादम विचारी, सुताचे पैसे कोण देणार?

एका रात्री यंत्र अडखळत होतं.
त्यांनी पिशवीतून स्टेथोस्कोप काढला,
पत्र्याला लावला, डोळे मिटले.
"सतरावी सुई लंगडतेय."

लंगडत होती.

आता गिरणीच्या जागी दुकानं आहेत,
बाईंचे हात कापतात.
परवा बागेत भेटल्या. बोलता बोलता
माझ्या स्वेटरची बाही चिमटीत धरून ताणली,
सोडली, परत जागेवर येते का ते पाहिलं.
"वीण चांगली आहे," म्हणाल्या.

माझ्या तब्येतीचं काही विचारलं नाही.