बेचाळीस चादरी

मोंतेविदेओच्या जुलैत पहाटे चार वाजता
नदीवरचा वारा इस्पितळाच्या धोबीघराच्या दारात
पाय अडकवून उभा राहतो,
दार लावू देत नाही.
आत वाफ. आत आम्ही सातजण
आणि भिंतीवर वरच्या ऑफिसातून आलेला कागद:
"कार्यक्षमता पंधरा टक्क्यांनी वाढवा."

तो मीच चिकटवला होता.
पाळीप्रमुख म्हणून माझं ते पहिलं काम.
चारही कोपरे दाबले, मागे सरून पाहिलं
सरळ आहे ना.
सरळ होता.

वॉशिंग्तोनने विचारलं, "पंधरा टक्के कशाचे, सुल्मा?"
म्हटलं, "सगळ्याचे."
तो हसला नाही. ओल्या टॉवेलांचा गठ्ठा उचलला
नेहमीच्याच वेगाने.
खरं सांगते, कळलं मलाही नव्हतं,
फक्त माझं न कळणं मोठ्या आवाजातलं होतं.

दोन महिने कागद वाफेने फुगत गेला.
मी "जरा जोर लावा" म्हणत राहिले,
वल्ही न देता होडीत बसवलेल्यांना म्हणावं तसं.

मग एका पहाटे तिसऱ्या मजल्यावरची नर्स खाली आली,
पायात सपाता, हातात एकच उशीचा अभ्रा.
मुलांच्या वॉर्डात चादरी संपल्या होत्या
आणि सहा वर्षांच्या एका पोराला
तिने स्वतःच्या कोटावर निजवलं होतं.
ती रागावली नाही.
रागावली असती तर बरं झालं असतं.

ती गेल्यावर नेलिदाने कडू मातेचा घोट घेतला,
भोपळा माझ्या हातात दिला:
"त्यांना लागतात तरी किती?"
एकोणीस वर्षं ती इथे घड्या घालते आहे
आणि हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.
मी जिना चढले.
बेचाळीस. सहाच्या आत, डॉक्टरांच्या फेरीआधी.

कागद फाडला नाही, तेवढं धाडस कुठलं.
शेजारी एक पाटी टांगली, खडूने लिहिलं:
तिसरा मजला. सहाच्या आत. बेचाळीस.

पहिल्या दिवशी एकतीस.
दुसऱ्या दिवशी एकतीस.
तिसऱ्या दिवशी अठ्ठावीस, कारण पट्टा तुटला.
पण माणसं आता पाटीकडे बघत होती, माझ्याकडे नाही,
आणि मला त्याचं बरं वाटत होतं.
चौथ्या दिवशी वॉशिंग्तोन म्हणाला,
"रोलर तापायला वीस मिनिटं खातो.
आलो की आधी तो लावतो, कपडे मग बदलतो."
तेवढंच.
शुक्रवारी त्रेचाळीस.
जास्तीच्या चादरीवर नेलिदाने तळहात ठेवला,
ताप उतरलाय का बघावं तसा.

इथे मी थांबायला हवं होतं.
पण एकदा जमलं की हाव सुटते.
सोमवारी पुसून पन्नास लिहिलं.
कुणी काही बोललं नाही.
धोबीघरात अबोला ओळखता येतो,
मशीनं अचानक मोठ्याने बोलू लागतात.
तीन दिवसांनी नेलिदा म्हणाली,
"बेचाळीस पोरांना. हे आठ कुणाला?"

आठ मला. आठ माझ्या अहवालाला.
मनगटानेच पुसलं.
बाहीवर तो पांढरा डाग दिवसभर राहिला,
झटकला नाही.

ऑगस्टात मी चार दिवस तापाने घरी पडले.
त्याच आठवड्यात वॉर्डाची एक बाजू रंगवायला काढली,
चौदा खाटा बंद.
परत आले तर पाटीवर:
तिसरा मजला. सहाच्या आत. अठ्ठावीस.
आणि खाली, जागा पुरवत पुरवत, बारीक:
पाचवा मजला. म्हाताऱ्यांचे टॉवेल. रोज वीस, आठच्या आत.

अक्षर माझं नव्हतं.
पाचव्या मजल्यावर विचारायला कोण गेलं होतं,
ते अजून कुणी सांगत नाही.