मासळीच्या बर्फाचा तास

बर्फ मागितला तर सुकांतीने विचारलं,
"कितें गो टीचर, शाळेंत सरबत?"
टोपलीतले बांगडे बाजूला सारून
दोन मुठी दिला, पैसे घेतले नाहीत.
म्हणून आज आमच्या ध्रुवप्रदेशाला
बांगड्याचा वास येतो.

आगरवाड्याची शाळा. तिसरी-चौथी एकाच खोलीत, पट अकरा.
माझ्या घरच्या भांडी घासायच्या टबात
कालपासून आम्ही गाव करतोय.
चिखल खरा, खाजनातला,
काळा, नखांत आठवडाभर बसून राहणारा.
बांध गौरांगने थापला.
त्याचा बाप बांधावरच राबतो,
तेव्हा त्याला कुणी काही शिकवायचं नाही.
मानशीचं दार म्हणजे आइस्क्रीमची काडी,
भरती आली की आपोआप मिटायला हवी, मिटत नाही.
मिठागरं काड्यापेट्यांची,
प्रत्येकीत चिमूटभर मीठ.
देऊळ, खुरीस, शाळा, बसस्टॉप.
ज्योस्लिनने फक्त स्वतःचं घर केलं
आणि अंगणात लाल मणी ठेवला.
तो कोंबडा.

आधी बर्फ पाण्यात सोडला, तरंगता.
पातळीवर पेनाची खूण.
पाणी चढणार म्हणून दहा हात वर.
अकरावा चिखलाने भरला होता.
बर्फ विरला. पाणी खुणेवरच.
मी फळ्यावर लिहिलं : अंदाज चुकला.
हे वाक्य त्यांना इतकं आवडलं
की मधल्या सुट्टीत जो बाद होई
त्याला सगळे तेच ओरडून सांगत होते.

दुसरी मूठ दगडावर.
हा दगड म्हणजे जमीन, खूप लांबची,
जिथे कुणी खोबरं वाळत घालत नाही.
थेंब. मग थेंब.
पाणी खुणेच्या वर गेलं, अर्धं बोट. तेवढंच.
बांधावरून काही आलं नाही.
आलं ते बांधातून :
कुणीतरी पेन्सिलीने भोक पाडलं होतं,
"खऱ्या बांधाला खेकड्याचं बीळ असतं ना, टीचर."
काड्यापेट्या भिजल्या, मीठ दिसेनासं झालं,
मणी हलला.
"टीचर, म्हजें घर बुडलें!"
सगळे हसले,
आणि मग एकेक करून थांबले.

"खरंच होणार? कधी?"
हळूहळू, मी म्हटलं.
"सोमवारी? सोमवारी माझा वाढदिवस आहे."

माझ्याजवळ आकडे होते,
शतकाच्या अखेरचे, मिलिमीटरचे.
पण तिसरीच्या गणितात
दशांश अजून आलेला नाही.
सोमवारी नाही, एवढंच म्हणाले.
एवढं तरी खात्रीचं होतं.

मग तेलरंगाचा डबा घेऊन आम्ही खऱ्या मानशीवर गेलो.
गौरांगच्या बापाने फळ्या दाखवल्या,
कुठली कुजली, कुठली नवी.
भिंतीवर चार रेषा काढल्या, लाल,
दोन सरळ, दोन मुलांच्या.
आता पौर्णिमेला आणि अवसेला, भरतीच्या वेळी,
कुणी दोघं जातात, सोबत मी किंवा तो बाप.
वही माझ्या टेबलावर असते :

"पौर्णिमा. तिसऱ्या रेषेच्या खाली दोन बोटं. गौरांगची बोटं."
"अवस. तिसऱ्या रेषेला लागलं. माझा दात पडला."
"पौर्णिमा. पाऊस होता. रेष दिसली नाही. खेकडा दिसला."

गौरांगची बोटं दर वर्षी वाढणार
हे मला फार उशिरा सुचलं.
मी पट्टी दिली.
त्याने रकाना वाढवला, जुना खोडला नाही :
सेंटिमीटर. बोटं.

काल मानशीवर गेले तेव्हा पाहिलं,
चौथ्या रेषेच्याही वर, दगडाच्या फटीत,
कुणीतरी चिखलाने चिकटवलेला
लाल मणी.
तोंड नदीकडे.
मण्याला तोंड नसतं, पण होतं.