अडतिसावा आठवडा

वर्षातले सात दिवस आमच्या मालकीचे.
बाकीच्यांना वर्ष नुसतंच मिळतं,
आम्ही त्यातलं थोडं विकत घेतलं होतं.
टेनेरीफचा दक्षिण किनारा, खोली दोनशे चौदा,
सप्टेंबरातला अडतिसावा आठवडा,
यावच्चंद्रदिवाकरौ.

विकणाऱ्या पोराने एक टॉवेल फुकट दिला होता
आणि फेसाळ वाइनचे दोन पेले.
एम्रिस म्हणाला, ग्लेनिस, भाड्याने काय, कुणीही राहतं.
त्याच्या मनगटावर तेव्हा भट्टीचे डाग होते
आणि खिशात ओव्हरटाइम.

समुद्र दिसायचा, खोटं कशाला बोलू,
कठड्यावरून कमरेपर्यंत वाकलं तर.

आता भट्टी विझली.
गावावरचा तांबूस उजेड गेला,
रात्री पडदे ओढायचं कारण उरलं नाही.
एम्रिस अजून पाचला उठतो,
बूट चढवतो, नाड्या बांधतो,
आणि स्वयंपाकघरात येऊन बसतो.

तपकिरी पाकीट आलं सोमवारी.
देखभाल खर्च अकराशे चाळीस पौंड,
तीस तारखेच्या आत.
मी ते गॅसच्या बिलाशेजारी उभं केलं,
दोघांची ओळख होऊ दे म्हणून.

नेरिसला फोन केला. कागदात लिहिलंय, पश्चात वारसास.
ती म्हणाली, आई, तुझं शिवणयंत्र दे मला,
तो कान तुटलेला चिनीमातीचा कुत्रा दे,
पण हे नको हं.

विकायला काढलं. एक पौंडाला.
एका पौंडाला कुणी विचारलंसुद्धा नाही.
कंपनीतली बाई फोनवर मधाळ:
घेऊ की परत, का नाही,
दोन वर्षांचा खर्च आगाऊ भरलात की झालं.
गळ्यातली धोंड उतरवायची
तर धोंड तोलून तेवढे पैसे.

गाडी विकली तर भागतं, एम्रिस म्हणाला.
मग बराच वेळ पेन्सिलीचं टोक काढत बसला.

पेन्सिलीवरून आठवलं.
कपाटाच्या दाराला आतून
नेरिसची उंची लिहायचो आम्ही, दर सप्टेंबरात एक रेघ.
तिसऱ्या वर्षी शेजारी दुसरीच रेघ दिसली,
योरिस, वय पाच.
मग आंके. मग कुणी गुडरुन, तिला तर दोन वर्षांत
केवढी उंची आली!
कुणाचे आठवडे होते ते, कधी कळलं नाही.
एक्कावन्न बिऱ्हाडं, एकच किटली, एकच बोथट सुरी,
आणि एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही.
सुरीला धार मीच लावून ठेवायचे,
पुढच्या सप्टेंबरात ती पुन्हा बोथट.

शेवटचं जाऊन येऊ या का, मी विचारलं.
विचारलं आणि लगेच केटलचं बटण दाबलं,
म्हणजे आवाजात त्याला ऐकू आलं नाही असं
दोघांनाही धरता येईल.

त्याला ऐकू आलं होतं.
विमान, तो म्हणाला. मग नुसतंच, विमान.

फॉर्म तीन पानी. शेवटी एक ओळ कोरी:
हक्क सोडण्याचं कारण.
ओळ एवढीशी, करंगळीएवढी.
मी म्हटलं, आर्थिक अडचण लिही, सगळे तेच लिहीत असतील.
त्याने लिहिलं, पोलाद.

मी सही केली.
माझ्या नावातला शेवटचा स नेहमी जरा लांबतो,
तो या वेळी आखूड आला.
पाकीट नऊ दिवस घड्याळामागे होतं.

दहाव्या दिवशी गाडी न्यायला माणूस आला.
डिकी रिकामी करताना तळाशी तो टॉवेल निघाला,
विटलेला, त्याच्या शिवणीत थोडी काळी वाळू.
मी तो झटकला नाही. घडी केली.

पेटीपर्यंत चालत गेलो, वारा अंगावर.
पाकीट टाकल्यावर एम्रिसने विचारलं,
आज कितवा आठवडा गं?
पंचवीस वर्षं मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी
सांगितलं असतं.
मी बोटांवर मोजायला लागले,
आणि मार्चपाशी चुकले.